‘नाही म्हणाले तर?’ या भीतीत अडकलेल्या मित्राला मदत कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मित्र तिशीच्या उंबरठ्यावर आहे, कामात हुशार आहे, पण कुणाकडे काही मागायची वेळ आली की कच खातो. नोकरीचा अर्ज अर्धा भरून ठेवतो. पगारवाढीचा विषय वरिष्ठांसमोर निघतच नाही. जी मुलगी आवडते तिच्याशी नुसतं हाय-बाय चालू आहे. मित्रांच्या ग्रुपवर भेटायचा बेतसुद्धा तो स्वतःहून कधी मांडत नाही. “तू भारी आहेस, तुला कोण नाही म्हणणार?” असं सांगून सांगून तुम्ही थकलात आणि आता बऱ्याच ठिकाणी त्याच्या वतीने तुम्हीच बोलता. तरी फरक शून्य. आता काय करावं?

माझं उत्तर थोडं खटकेल. तुम्ही करताय त्या दोन्ही गोष्टी हळूहळू बंद करायला हव्यात: हमी देणं आणि त्याच्या वतीने बोलणं. दोन्हींमागे माया आहे हे दिसतंय. पण समुपदेशनाच्या कामात मला पुन्हा पुन्हा दिसतं ते असं, की नकाराला घाबरणाऱ्या माणसाभोवती बहुतेक वेळा एक-दोन फार चांगली माणसं असतात आणि त्यांच्या चांगुलपणामुळेच त्याचं सगळं बिनबोभाट निभावतं. नकाराशी त्याची गाठच पडत नाही. आणि ज्याच्याशी कधी गाठ पडली नाही, त्याची भीती कमी तरी कशी होणार?

“तुला कोण नाही म्हणणार?” या वाक्याचं काय होतं ते बघा. ते ऐकून त्याला तासभर बरं वाटतं. मग मनात येतं, ‘हा माझा मित्र आहे, असंच म्हणणार.’ शंका परत येते आणि तो पुन्हा तुम्हालाच विचारतो, “तुला खरंच वाटतं का, मी अर्ज करावा?” खाज सुटल्यावर खाजवावं तसं आहे हे. त्या क्षणी सुख, नंतर आणखी खाज. शिवाय त्या वाक्यात एक छुपा धोका आहे. नकार येणारच नाही अशी हमी तुम्ही देऊन बसता. उद्या नकार आलाच, तर तो अपयशी ठरतो आणि तुमचा शब्दही खोटा पडतो. पुढच्या वेळी तो तुमचंही ऐकणार नाही.

“त्यात काय एवढं?” हे वाक्य तर त्याहून वाईट. नकार खरोखर दुखतो. नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांचा 2003 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेला प्रयोग या विषयात खूप चर्चेत राहिला. माणसाला संगणकावर चेंडू फेकाफेकीचा साधा खेळ खेळायला दिला. समोरचे दोन खेळाडू खरे आहेत असं त्याला वाटत होतं. थोड्या वेळाने त्यांनी त्याच्याकडे चेंडू टाकणंच बंद केलं. तेव्हा मेंदूच्या ज्या भागाचा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी संबंध जोडला जातो, तिथली हालचाल वाढलेली दिसली. त्या निष्कर्षाचा नेमका अर्थ काय लावायचा यावर पुढे बरेच वाद झाले. मला मात्र 2004 मधला पुढचा प्रयोग जास्त बोलका वाटतो. समोर माणसं नाहीत, फक्त संगणक आहे, असं आधीच सांगून टाकलं तरी वगळलं गेल्यावर लोकांना वाईट वाटलंच. म्हणजे कारण समजलं म्हणून दुखायचं थांबत नाही. तुमचा मित्र नाटक करत नाहीये.

मग मदत कुठून सुरू करायची? आधी त्याची भीती नेमकी कशाची आहे ते शोधा. वरून एकच दिसणाऱ्या या भीतीत तीन वेगळी भाकितं दडलेली असतात. पहिलं, ‘ते नाहीच म्हणणार.’ दुसरं, ‘नाही म्हणाले तर मला ते सहन होणार नाही.’ तिसरं, ‘नाही म्हणाले म्हणजे मी कमी आहे हे सिद्ध झालं.’ कुणाला पहिलं छळतं, कुणाला तिसरं. तुम्ही आजवर फक्त पहिल्याशी भांडत आलात. माझ्या अनुभवात खरा जोर बहुधा दुसऱ्यात आणि तिसऱ्यात असतो.

हे शोधायला साधे प्रश्न पुरतात. निवांत वेळ बघा. शक्यतो चालता चालता किंवा गाडीत शेजारी बसून बोला, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नसते. विचारा, “समजा साहेब पगारवाढीला नाही म्हणाले. मग?” तो म्हणेल, “मग ऑफिसात अवघडल्यासारखं होईल.” “बरं, समजा झालं. मग?” “मग त्यांना वाटेल, याला स्वतःबद्दल फारच वाटतं.” “आणि त्यांना तसं वाटलं तर?” इथे कुठेतरी तो थांबेल आणि खरं वाक्य बाहेर येईल. “तर ते बरोबरच असेल ना.” हेच ते तिसरं भाकीत. ते ऐकून लगेच खोडून काढायची प्रचंड ऊर्मी येईल. आवरा. इतकंच म्हणा, “असं वाटत असेल तर विचारणं किती जड जात असेल, ते आत्ता कळलं मला.” आणि गप्प बसा. सल्ल्याची घाई झाली की माणूस आपल्या भीतीची वकिली करायला लागतो. तुम्ही म्हणता ‘जमेल’, तो जमणार नाही याची कारणं शोधतो, आणि अर्ध्या तासाने ती कारणं त्यालाच आणखी पटलेली असतात.

भाकितं सापडली की ती पडताळायची. चर्चा करून ती बदलत नाहीत. मनातला अंदाज आणि प्रत्यक्ष घडलेलं यांत तफावत पडली की मेंदू काहीतरी नवीन शिकतो. तफावत जितकी स्पष्ट, तितकं शिकणं पक्कं. म्हणून माझा आग्रह असतो की अंदाज आधी लिहून ठेवावा. वही नको असेल तर फोनमध्ये दोन ओळी लिहिल्या तरी चालतील: कुणाला काय विचारणार, ते काय म्हणतील असं वाटतं, नाही म्हणाले तर किती वाईट वाटेल आणि किती दिवस. नंतर प्रत्यक्षात काय झालं तेही त्याच्याखाली. लिहिलं नाही तर आठवण बेमालूम बदलते. होकार आला तर ‘नशीब’, नकार आला तर ‘मला माहीतच होतं’.

यातल्या ‘किती दिवस’ या भागाकडे विशेष लक्ष द्या. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापकांना विचारलं होतं, की कायमची नेमणूक नाकारली गेली तर तुम्ही किती दुःखी असाल? त्यांचा अंदाज होता की पुढची काही वर्षं तरी खूप वाईट जातील. ज्यांना ती नेमणूक प्रत्यक्ष नाकारली गेली होती त्यांच्याकडे पाहिलं, तर ती मिळालेल्यांपेक्षा ते फारसे कमी सुखी नव्हते. दुखणार हा आपला अंदाज बरोबर असतो, किती काळ दुखणार हा मात्र हमखास चुकतो. तुमच्या मित्राच्या वहीत ‘महिनाभर’ असं लिहिलेलं असेल आणि प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच कशावरून तरी वैतागलेला असेल, तर ती नोंद तुमच्या शंभर कौतुकांपेक्षा जास्त काम करेल.

पहिल्या भाकिताबद्दलही एक संशोधन सांगते. फ्रँक फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी 2008 मध्ये लोकांना एक काम दिलं: अनोळखी माणसांकडून 5 प्रश्नावल्या भरून आणायच्या. त्यासाठी साधारण 20 जणांना विचारावं लागेल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे 10 जणांना विचारून काम झालं. कारण असं, की मागणारा फक्त आपली अडचण बघतो. तोंडावर ‘नाही’ म्हणणं समोरच्याला किती जड जातं हे त्याच्या लक्षातच येत नाही. याची दुसरी बाजूही त्याला सांगून ठेवा. लोक भिडेखातर हो म्हणतात, म्हणून मागताना समोरच्याला नाही म्हणायला मोकळी वाट ठेवायची.

सुरुवात कुठून करायची हे त्याने ठरवायचं, तुम्ही नाही. तुमच्यासाठी क्षुल्लक असलेली गोष्ट त्याच्यासाठी डोंगर असू शकते, आणि उलटही. बॉसला विचारणं एक वेळ जमेल, पण ग्रुपवर “शनिवारी भेटायचं का?” एवढं टाकून उत्तराची वाट बघणं जमणार नाही. थोडी धडधड होईल पण पळून जावंसं वाटणार नाही, अशी पायरी हवी. एकदा जमलं म्हणून लगेच वर उडी नको. तीच पायरी वेगवेगळ्या माणसांसोबत, वेगवेगळ्या वेळी करून बघणं जास्त उपयोगाचं.

आणि इथे एक बारीक गोष्ट आहे, जिच्यामुळे बरेच प्रयत्न वाया जातात. माणूस विचारतो तर खरा, पण असं विचारतो की नकार आलाच तर तो अंगाला लागू नये. “तुला वेळ नसेलच, पण…”, “नाही जमलं तरी काही नाही हां, मी सहज विचारलं.” मेसेज टाकून फोन उलटा ठेवणं, उत्तर यायच्या आत तो डिलीट करणं, गंमत करतोय असा आव आणणं. यातून होकार आला तरी तो मोजला जात नाही, कारण ‘मी नीट विचारलंच कुठे होतं’. म्हणून मित्राला मेसेज लिहायला मदत करायची असेल तर काही सुचवण्यापेक्षा त्यातली माफी काढून टाका. “शनिवारी संध्याकाळी चहाला भेटूया का? तुझ्याशी निवांत बोलायला आवडेल.” बास. प्रश्न सरळ असला की उत्तरही सरळ येतं, आणि त्यातून काहीतरी शिकता येतं.

हल्ली ‘रोज एक नकार मिळवा’ असे उपक्रम दिसतात: अनोळखी माणसाकडे काहीतरी अचाट मागायचं आणि व्हिडिओ काढायचा. मला ते फारसे पटत नाहीत. दुकानदाराने फुकट काही दिलं नाही म्हणून कुणाचा अहंकार दुखावत नाही. तुमच्या मित्राची भीती तिथे राहतच नाही, ती त्याला हव्या असलेल्या माणसांपाशी आणि हव्या असलेल्या गोष्टींपाशी आहे. शिवाय त्या दुकानदाराचा वेळ गेला तो वेगळाच. अशा उपक्रमांची मुळं जुनी आहेत. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 19 वर्षांचा असताना, मुलींशी बोलायची भीती घालवायला, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी स्त्रियांशी गप्पा मारल्या. त्यातली एकच भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही. तरीही त्याची भीती गेली, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. याच एलिसने 1950 च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलायची पद्धत, मांडली. किस्सा मला आवडतो, कारण होकार जवळजवळ न मिळताही भीती गेली. पण तो जसाच्या तसा गिरवू नका. बाकावर शांत बसलेल्या त्या शंभर स्त्रियांना कुणी विचारलं नव्हतं.

आवडणाऱ्या मुलीचा विषय म्हणूनच वेगळा काढते. तिला एकदा, स्पष्ट, तिला अवघड होणार नाही अशा ठिकाणी आणि शब्दांत विचारायचं. ती नाही म्हणाली, किंवा ‘बघू’ म्हणून विषय टाळला, की ते उत्तर समजायचं. पुन्हा पुन्हा विचारणं हे धाडस नाही, तो त्रास आहे. भीतीवर मात करायच्या उत्साहात मित्रमंडळी कधी कधी “हार मानू नकोस, लागून राहा” असं सांगतात. तुम्ही ते सांगू नका. नकार पचवायला शिकण्यात समोरच्याचा नकार मानणं आलंच. मध्यस्थी तर अजिबात नको. तिचं मन आधी चाचपून बघायचं काम तुमच्याकडे आलं तर स्वच्छ नाही म्हणा.

त्याच्या वतीने बोलणं कसं थांबवायचं? अचानक हात काढून घेतलात तर तो तुमचाच नकार वाटेल. आधी सांगा. “आजवर तुझ्यासाठी मी फोन केले, पण मला वाटतं त्याने तुझं नुकसान होतंय. पुढचा फोन तू कर. मी शेजारी बसतो, नंतर आपण बोलू.” मग तो कितीही गयावया करो, त्या एका फोनपुरतं ठाम राहा. बाकीची कामं हवं तर अजून काही दिवस करा. एका वेळी एकच गोष्ट सोडा.

यात एक अडचण येईलच. अशा माणसांना संदिग्ध गोष्टींत चटकन नकार दिसतो. जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन यांनी 1996 मध्ये यावर महत्त्वाचं काम केलं. नकाराची धास्ती बाळगणारा माणूस समोरच्याच्या साध्या वागण्यात नकार वाचतो, मग तुटक वागतो किंवा भांडतो, आणि त्या वागण्यामुळे माणसं खरोखर दूर जाऊ लागतात. तुम्ही मेसेज बघून दोन तास उत्तर दिलं नाहीत तर तो दोन दिवस गप्प होईल. रुसवा काढत बसू नका, पण टोमणेही मारू नका. “काल कामात होतो, म्हणून उत्तर दिलं नाही. तुला काय वाटलं होतं?” असं सरळ विचारा. त्याचं भाकीत पडताळायची ही सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित जागा आहे. आणि अधूनमधून तुम्ही स्वतः त्याला एखाद्या गोष्टीला साधं ‘नाही’ म्हणा. “आज नाही जमणार, उद्या भेटू.” मैत्री जशीच्या तशी राहते हे त्याला अनुभवातून कळू द्या.

खरा नकार येईल त्या संध्याकाळी तुमची सगळ्यात जास्त गरज लागेल. त्या वेळी “ती तुझ्या लायकीचीच नव्हती”, “ती कंपनीच बकवास आहे” असं म्हणायचा मोह टाळा. समोरच्याला छोटं करून मिळालेला दिलासा त्याला हेच शिकवतो, की नकार म्हणजे कुणीतरी एक नालायक असणारच. आज तो नाही, पुढच्या वेळी कदाचित तोच. त्याच्यासोबत बसा, जेवा, त्याला बोलू द्या किंवा बोलायला लावू नका. विश्लेषण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तेव्हा वही काढा आणि बघा, या नकारात काही माहिती आहे का. मुलाखतीत एखादं कौशल्य कमी पडलं असं सांगितलं गेलं असेल तर ती माहिती. बजेट संपलं, जागा आधीच भरलेली होती, तिला कुणी दुसरं आवडतं, यात त्याच्याबद्दल काहीच माहिती नाही. कारणच कळलं नसेल तर रिकाम्या जागी स्वतःचा दोष भरायचा नाही, एवढी शिस्त पुरे.

एक शक्यता मात्र डोळ्याआड करू नका. काही माणसांना नकार खरोखरच जास्त मिळालेले असतात: दिसण्यावरून, बोलण्याच्या लकबीवरून, जन्मावरून, अपंगत्वावरून, किंवा घरात लहानपणापासून मायेच्या जागी हेटाळणी मिळाली म्हणून. त्यांचा अंदाज चुकीचा नसतो, तो अनुभवातून आलेला असतो. तुमच्या मित्राची गोष्ट अशी असेल तर “हे सगळं तुझ्या मनाचे खेळ” म्हणणं क्रूर ठरेल. तिथे प्रयोगाची जागा निवडून घ्यावी लागते. जिथे त्याला न्याय मिळण्याची बरी शक्यता आहे अशी माणसं, अशी कामाची ठिकाणं आधी.

आणि काही वेळा हे मित्राच्या हाताबाहेरचं असतं. भीती सहा महिन्यांहून जास्त टिकून असेल, लोकांसमोर जेवणं, फोन करणं, वर्गात किंवा बैठकीत बोलणंही तो टाळत असेल, कामावर आणि नात्यांवर परिणाम होत असेल, तर ती सोशल अँक्झायटी असू शकते. त्यावर बोधात्मक वर्तन उपचार म्हणजे सीबीटी, ज्यात विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवतात, चांगलं काम करते आणि गरज पडल्यास औषधंही उपयोगी पडतात. “तुला डॉक्टरची गरज आहे” असं म्हणू नका. “हे एकट्याने वाहायला फार जड झालंय, ज्यांचं कामच हे आहे अशा कुणाशी एकदा बोलून बघायचं का?” असं विचारा. तो नको म्हणाला तर विषय सोडा, काही आठवड्यांनी पुन्हा एकदा काढा. हो म्हणाला तर भेटीची वेळ त्यालाच घेऊ द्या, तुम्ही सोबत जा.

याला अपवाद एकच. एखाद्या नकारानंतर तो जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलला, किंवा माणसांत येणं पूर्ण बंद करून वस्तू वाटून टाकू लागला, तर त्याने स्वतः फोन करावा याची वाट बघू नका. थेट विचारा, “जीव द्यायचे विचार येतायत का?” विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा आपत्कालीन मदतीकडे तुम्ही स्वतः घेऊन जा.